धूमकेतूचा ताप

ऑक्टोबर सुरू झाला की कामोठ्यातल्या आमच्या सोसायटीत माणसं कमी बोलतात. भांडण नसतं, ताकद नसते. लिफ्टमध्ये एकाने म्हणायचं, "काय गरम होतंय!" दुसऱ्याने म्हणायचं, "विचारू नका." मग खरंच कोणी काही विचारत नाही. गॅलरीत टाकलेला टॉवेल दुपारपर्यंत इतका कडक वाळतो की भिंतीला टेकवून उभा करता यावा. पंखा फिरत असतो, पण तो वारा घालतोय की गरम हवा नुसती ढवळतोय, ते कळत नाही. शरद ऋतूवर ज्यांनी ज्यांनी लिहिलं त्यांनी चांदण्यावर लिहिलं. या ऋतूत जेवणानंतर दुपारी माणसाचं काय होतं, यावर सगळे गप्प आहेत.

मला मात्र ऑक्टोबर आवडतो. हे मी चारचौघांत सांगत नाही, लोक काळजीने बघायला लागतात. पण एखाद्या दुपारी खाडीवरचा वारा फिरतो, त्याच्याबरोबर वाळत घातलेल्या करंदीचा, म्हणजे बारीक कोळंबीचा, वास येतो, शेजारच्या काकू धडाधड खिडक्या लावून घेतात, आणि मी माझी खिडकी आणखी उघडते. तो वास माझ्या माहेरचा आहे. बेलापूरच्या खाडीला लागून दिवाळे गाव आहे, तिथे आमचं घर. बाबांची होडी, आईची मासळीची पाटी, आणि दारासमोर पावसाळा सोडला तर सदा काही ना काही वाळत पडलेलं. त्या घरात बसून एका ऑक्टोबरात मी एका धूमकेतूचा अभ्यास करत होते. त्या अभ्यासापायी गावातल्या होड्या किनाऱ्याला बांधून राहिल्या होत्या. ही गोष्ट आठवली की अजूनही आधी घाम येतो आणि मग हसू.

मी तेव्हा पीएच.डी.च्या शेवटच्या वर्षात होते. संस्थेच्या हॉस्टेलचं छत दुरुस्तीला काढलं होतं, म्हणून सगळ्या मुलींना घरी पाठवलं. गाइड मॅडम म्हणाल्या, "भारती, तुला काय फरक पडतो? तुझी दुर्बीण अवकाशात आहे. इंटरनेट असलं की झालं." मॅडमनी आमचं घर पाहिलं नव्हतं. आमच्या घरात इंटरनेट होतं, पण टेबल नव्हतं. बाबांची बर्फाची जुनी पेटी होती, होडीवर न्यायची. तिचं झाकण मी तीनदा साबणाने धुतलं, वर चादर घातली आणि लॅपटॉप मांडला. पुढचे दोन महिने माझं खगोलशास्त्र मांदेलीच्या वासात चाललं.

मी काय करते हे गावाला समजावणं धूमकेतूपेक्षा अवघड होतं. पहिला प्रश्न ठरलेला असायचा, "दुर्बीण कुठं ठेवलीस?" मी म्हणायचे, "वर आहे." की आलेले सगळे माळ्याकडे बघायचे. माळ्यावर जुनी जाळी आणि गणपतीचं मखर होतं. मग मी सांगायचे की माळ्यावर नाही, त्याच्याही वर, पृथ्वीभोवती फिरते. यावर लोक समजूतदारपणे मान हलवायचे आणि जाताना आईला हळूच विचारायचे, "पोरीचा जेवन-खान बरोबर हाय ना?"

दुसरी अडचण म्हणजे मी रात्री झोपायचे. तारे बघणारी माणसं रात्र जागवतात, असं सगळ्यांना पक्कं ठाऊक होतं. माझ्या दुर्बिणीने काढलेले फोटो तर कधीही येऊन पडलेले असायचे, ते मी दिवसा उघडून मोजत बसायचे. आई तर उघड म्हणायची, "आमी जेवून ताटा उचलतंव तवर ही घोरते, आन म्हने तारे बगते!"

एका सकाळी आई ओट्यावर करंदी निवडत बसली होती. मीही शेजारी बसले आणि ठरवलं, आज हिला सगळं नीट सांगायचं. म्हटलं, "आई, धूमकेतू म्हणजे धूळ आणि बर्फाचा गोळा. लांब असतो तेव्हा त्याला शेपटीही नसते. सूर्याकडे यायला लागला की उन्हाने तापतो. तापलेली कुठलीही वस्तू ऊब बाहेर टाकते. ती ऊब म्हणजेही एक उजेडच, पण आपल्या डोळ्यांना न दिसणारा, इन्फ्रारेड म्हणतात तो. राखेखाली निखारा असला तर दिसत नाही, पण हात पुढे केला की कळतो ना? तसं."

"मंग हितूनच हात पुरं कर ना," आई म्हणाली.

"इथून नाही जमत. मध्ये हवा आहे, ती बरीचशी ऊब अडवते. शिवाय हवा स्वतःच गरम असते. म्हणून दुर्बीण हवेच्या वर नेऊन ठेवायची."

"आन एवरा करून काय कलतं?"

"तो केवढा आहे ते कळतं. नुसत्या उजेडात बघितलं तर फसायला होतं. मोठा असेल पण काळा असेल, किंवा लहान असेल पण चकचकीत असेल, दोन्ही सारखेच दिसतात. ऊब मोजली की खरं माप लागतं."

आईने करंदीतला एक खेकडा उचलून बाजूला टाकला. "म्हंजे लग्नाच्या फोटोसारका. पावडर लावली का कोन कसा, काय कलत नाय." मग तिने विचारलं, "तुजा कसा हाय, काला का गोरा?"

"काळा. कोळशाहून काळा."

"मंग आपल्यातलाच हाय," आई म्हणाली आणि तिच्या दृष्टीने विषय संपला. उठताना मात्र तिने सगळ्या भाषणाचं सार काढलं, "म्हंजे तू त्याचा ताप बगतस."

मला ते इतकं आवडलं की मी हो म्हणून टाकलं. पुढचं सगळं त्या 'हो'मुळे झालं.

बाबांना वेगळं सांगावं लागलं नाही. ते कमी बोलतात आणि ऐकत असल्याचं दाखवत नाहीत. एके दिवशी पेटीवर माझा लॅपटॉप बघत ते उभे राहिले आणि म्हणाले, "ती दुर्बीन गरम नाय होत?" मी चकित झाले. कारण नेमकी तीच गोम होती. दुर्बीण स्वतः तापली तर ती स्वतःचाच ताप मोजत बसते, म्हणून तिला थंड ठेवायला एक गोठवलेला साठा बरोबर दिलेला होता. "तो साठा कधीच संपला," मी सांगितलं, "पण सगळं नाही बंद पडलं. जेवढं दिसतं तेवढ्यावर काम चालू ठेवलंय."

"बर्फ संपला, तरी धंदा चालू?"

"हो."

बाबांनी बराच वेळ मान हलवली. "आपल्या होडीचा इंजिन पन तसाच हाय," ते म्हणाले आणि त्या दिवसापासून दुर्बिणीबद्दल त्यांना एक जिव्हाळा वाटायला लागला. संध्याकाळी आले की विचारायचे, "चालतंय ना अजून?" कोणाचं ते न सांगता.

आई मासळी विकायला बेलापूरच्या बाजारात बसते. तिथे तिची जागा ठरलेली, गिऱ्हाइकं ठरलेली. मुलगी डॉक्टर होणार आहे हे तिने तिथे आधीच सांगितलेलं होतं. कसली डॉक्टर, हे विचारलं की तिची पंचाईत व्हायची. आता तिला उत्तर सापडलं. "माजी पोर धूमकेतूचा ताप मोजते," ती पापलेट साफ करता करता सांगायची. एका बाईंनी विचारलं, "लहान मुलांचाही बघतात का त्या?" आईने, गिऱ्हाईक तुटू नये म्हणून, "विचारून सांगते" म्हटलं.

त्या गिऱ्हाइकांत नितेश होता. नितेशचं स्टेशनजवळ मोबाइलच्या कव्हरचं दुकान आणि उरलेल्या वेळात एक यूट्यूब चॅनल. चॅनलवर तो खड्डे, पाणी-टंचाई आणि हरवलेली मांजरं दाखवायचा. अर्धा डझन बोंबलांबरोबर त्याला धूमकेतू फुकट मिळाला. दुसऱ्या दिवशी तो माइक घेऊन ओट्यावर हजर. "मॅडम, दोन मिनिटं. एकदम टेन्शन फ्री."

मी दोन मिनिटं बोलले. म्हणाले की हा धूमकेतू पुढच्या महिन्यात पृथ्वीच्या त्यातल्या त्यात जवळून जाईल. जवळ म्हणजे चंद्रापेक्षा शेकडो पटीने लांबून. साध्या डोळ्यांना दिसणारसुद्धा नाही. घाबरण्यासारखं काहीही नाही. नितेशने मन लावून मान हलवली, आईच्या हातचा चहा घेतला आणि घरी जाऊन माझ्या दोन मिनिटांतली पंधरा सेकंदं ठेवली. व्हिडिओत मी म्हणते, "हा धूमकेतू पुढच्या महिन्यात पृथ्वीच्या..." आणि पुढे ढोल वाजतो. मागे खाडीच्या पुलावर आगीचा गोळा पडताना दाखवलेला. खाली लाल अक्षरं: 'धूमकेतूला चढला ताप! दिवाळ्याच्या कन्येचं मोजमाप!'

यमक जुळल्याचा त्याला फार आनंद झाला होता. मी फोन केला तेव्हा तो म्हणाला, "मॅडम, व्ह्यूज बघा ना!"

गावात पहिले आले ते धर्माकाका. धर्माकाका म्हणजे बाबांचे चुलतभाऊ आणि गावातल्या सगळ्यांत मोठ्या बोटीचे नाखवा, म्हणजे मालक आणि कप्तान दोन्ही. त्यांचा शब्द किनाऱ्यावर चालतो. समुद्रात वादळाला न घाबरलेला माणूस, पण मांजर आडवं गेलं तर घरी परत येऊन पाणी पिणार. ते ओट्यावर बसले, टोपी काढून गुडघ्यावर ठेवली.

"भारते, खरा सांग. किती ताप हाय त्याला?"

मला हसू फुटलं. "काका, काही होणार नाही हो."

"डाक्टर पन असाच बोलतो," काका म्हणाले, "आन मंग बाहेर नेऊन घरच्यांना सांगतो." ते बाबांकडे बघत राहिले, बाहेर बोलावतील म्हणून. बाबा जाळं विणत राहिले. काकांनी त्या गप्प बसण्याचा जो अर्थ काढायचा तो काढला.

दुसऱ्या दिवशी धर्माकाकांची बोट निघाली नाही. ती निघाली नाही म्हणून तिच्या मागच्या निघाल्या नाहीत. आणि छोट्या होड्यांवरचे खलाशी म्हणाले, मोठे थांबले तर आपण कशाला शहाणपणा करा. बाबा पहाटे एकटेच किनाऱ्यावर गेले, होडीत बसून आले. दिवस ऐन कोळंबीचे होते. पावसाळाभर बंद राहून होड्या नुकत्या कुठे चालू झाल्या होत्या, आणि आता माझ्या एका ठिपक्यापायी किनाऱ्याला बांधलेल्या. हो, ठिपकाच. माझ्या फोटोत तो धूमकेतू एवढासा ठिपका होता. करंदीच्या डोळ्याएवढा.

आई रिकाम्या पाटीकडे बघत घरी बसली. ती भांडली असती तर मला बरं वाटलं असतं. आमच्या घरात आई बोलायची थांबली की वादळाचा बावटा लागला समजायचं. बाबा न फाटलेली जाळी दुरुस्त करत होते. आणि पाण्याच्या नळावर कोणीतरी, मला ऐकू जाईल इतक्या हळू आवाजात, म्हणालं, "पोरीला शिकवली, ती गावाच्या पोटावर आयली."

हे मात्र लागलं. मला इतकी वर्षं शिकवण्यासाठी बाबांनी काय काय ऐकून घेतलं होतं, ते मला ठाऊक होतं. आता त्यात माझा धूमकेतू आला. मी बाबांना म्हटलं, "गावकीची बैठक लावा. मी सांगते सगळ्यांना."

"काय सांगनार?"

"शास्त्र."

बाबा म्हणाले, "बरा." पण त्यांचा चेहरा, इंजिन बंद पडण्याआधी खोकतं तेव्हा होतो, तसा झाला.

संध्याकाळी देवळापुढच्या मांडवात सगळे जमले. पुढे नाखवा, मागे खलाशी, बाजूला बायका. त्यांच्यापुढे काय दाखवावं या विचारात मी दिवसभर घर धुंडाळलं होतं, आणि देव्हाऱ्यामागे करोनाच्या वेळचं कपाळाला धरायचं ताप मोजायचं यंत्र सापडलं. अडगळीत पडलेलं, पण सेल बदलल्यावर चालू झालेलं. मी ते हातात धरून उभी राहिले. "हे सगळ्यांनी पाहिलंय. हे अंगाला न लावता ताप कसा सांगतं? आपल्या अंगातून ऊब निघते, ती हे पकडतं. माझी वरची दुर्बीण म्हणजे हेच यंत्र, फक्त फार मोठं आणि फार हुशार."

मी धर्माकाकांच्या कपाळावर धरलं. यंत्र वाजलं. ताप नव्हता. काका एकदम खूश झाले, जणू परीक्षेत पास झाले. मग त्यांच्या शेजारच्यांना वाटलं, आपला पण बघावा. मग त्यांच्या शेजारच्यांना. बायका उठून रांगेत उभ्या राहिल्या. कमळाआत्या, आमच्या शेजारच्या, दोनदा येऊन गेल्या. पहिल्यांदा कमी आला म्हणून त्यांचं समाधान झालं नव्हतं. माझं शास्त्र बाजूला राहिलं आणि मांडवात दवाखाना सुरू झाला.

शेवटी मी ओरडले, "आता चहाची किटली बघू!" किटलीपुढे यंत्र धरलं. इतकं गरम त्याला मोजता येत नाही, म्हणून त्याने आकड्याऐवजी इंग्रजी अक्षरं दाखवली. एका खलाशाने वाकून वाचलं, "हाय."

"हाय ता ठाव हाय," धर्माकाका म्हणाले. "पन किती हाय?"

मांडव हसून हसून लोळला. समजावून सांगता सांगता माझ्या नाकी नऊ आले की हा आपला 'हाय' नाही, इंग्रजीतला आहे, म्हणजे जास्त. मग मी बर्फाचा तुकडा मागवला. त्याच्यापुढे धरल्यावर उमटलं, 'लो'. "म्हणजे कमी," मी घाईने म्हटलं. "याला मोजता येणार नाही इतकं थंड. आणि माझा धूमकेतू या बर्फाहून कितीतरी थंड आहे. शून्याच्याही खाली शंभर अंश. त्याला ताप कसला! आई म्हणते तो ताप म्हणजे ही एवढीशीच ऊब. तीही आपल्याला इथे लागत नाही."

धर्माकाकांनी बर्फाचा तुकडा हातात घेतला, पाणी गळेपर्यंत धरून ठेवला. सगळे त्यांच्याकडे बघत होते. मी आयुष्यात पुढे बऱ्याच मोठ्या सभांत बोलले, पण कोणाच्या निकालाची इतकी धाकधूक मला वाटली नाही.

"ह्याहून थंड?" त्यांनी विचारलं.

"कितीतरी."

"मंग तो मेलेला हाय," धर्माकाका म्हणाले.

"नाही काका, म्हणजे तसं नाही..."

"एवरा थंड मानूस जिता र्‍हातो?"

"माणूस नाही राहत, पण..."

"मंग झाला तर!" काका उठून उभे राहिले. "मेलेला हाय. मेलेला कोनाच्या आंगावर येत नाय. उद्या बोटी काढा."

मी आणखी काही बोलणार होते. कक्षा, अंतर, गुरुत्वाकर्षण, सगळं तयार होतं. बाबांनी मागून माझा पदर ओढला आणि हळूच म्हणाले, "गप. वारा बरोबर हाय, शीड सोड."

पहाटे होड्या गेल्या. नितेशने सुधारित व्हिडिओ टाकला: 'धूमकेतू मेलेला, गावकीचा निकाल.' यमक नव्हतं, म्हणून तो फार कोणी पाहिला नाही.

नंतरचे काही दिवस मी सुखाने काम केलं. आईची पाटी भरून जात होती, रिकामी येत होती. मला आता फक्त ताज्या फोटोंची वाट बघायची होती. दुर्बीण आकाशाच्या त्या भागावरून पुन्हा जाणार, माझ्या धूमकेतूचे शेवटचे फोटो येणार, माप पक्कं होणार, प्रबंध संपणार. दुपारच्या वेळी फोटो आले. मी उघडले. ठिपका नव्हता.

ठिपक्याच्या जागी एक लांबट, पुसट डाग होता, पाटीवरचा खडू बोटाने फरपटावा तसा. मधोमध काहीच नाही. मला वाटलं माझं काही चुकलं. पुन्हा सगळं केलं. पुन्हा तोच डाग. मॅडमना पाठवलं. थोड्या वेळाने त्यांचा निरोप आला, "परदेशातल्या दोन जणांनीही हेच पाहिलंय. तुटलेला दिसतो. मीटिंगमध्ये आहे, नंतर फोन करते."

सूर्याजवळ येता येता धूमकेतू कधी कधी तुटतात. पुस्तकात मी हे वाक्य शंभर वेळा वाचलेलं. पण दोन वर्षं मी त्या ठिपक्याबरोबर राहिले होते. मी बर्फाच्या पेटीवर डोकं ठेवलं आणि रडायला लागले.

आई बाजारातून आली ती दारातच थबकली. "काय झाला गो? कोन गेला?"

"धूमकेतू गेला," मी हुंदक्यातून म्हटलं.

आईने पाटी खाली ठेवली. ती माझ्याजवळ येऊन बसली आणि माझ्या पाठीवरून तो मासळीचा हात फिरवत राहिली. पण दारातून जाणाऱ्या कमळाआत्यांनी फक्त 'गेला' एवढंच ऐकलं होतं, आणि कोण गेला हे विचारायला थांबणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. थोड्याच वेळात ओटा भरला. बायका पदर डोक्यावर घेऊन बसल्या. कोणी पाणी आणलं. दुःखाच्या घरी चूल पेटत नाही, म्हणून कोणी तांदळाच्या भाकऱ्या आणल्या, कोणी सुकटीचं कालवण. गेलेला माणूस नसून धूमकेतू आहे, हे आईने सांगून पाहिलं. पण कळल्यावरही कोणी उठलं नाही. भाकऱ्या आणून झाल्या होत्या.

धर्माकाका आले. जाळी तशीच टाकून आले होते. टोपी काढली, माझ्यासमोर बसले. त्यांनीच आठवड्यापूर्वी त्याला मेलेला ठरवलं होतं, पण तो विषय त्यांनी मोठ्या मनाने काढला नाही.

"किती वय व्हता?" त्यांनी विचारलं.

मी डोळे पुसले. "चारशे-साडेचारशे कोटी वर्षं."

काकांनी ते मनात नीट मांडून पाहिलं. मग माझ्या डोक्यावर हात ठेवला. "भरपूर जगला, बाय. रडू नको."

हे ऐकून हसावं की रडावं हे माझं ठरायच्या आत फोन वाजला. मॅडम होत्या. मी हुंदका आवरून 'हॅलो' म्हटलं तर त्या ओरडल्या, "अगं, रडतेस काय वेडे! तुटला म्हणजे आतलं सगळं बाहेर आलं! इतकी वर्षं कवच बघत होतो, आता आतली धूळ, आतला वायू, सगळं उन्हात तापतंय. इन्फ्रारेडला याहून चांगलं काय हवं? पेढे आण पेढे!" फोनचा आवाज मोठा होता. ओट्यावर सगळ्यांनी ऐकलं.

मी फोन ठेवला. धर्माकाका म्हणाले, "आता रडायचा का हसायचा, ता एकदा काय ता ठरवा."

"आधी जेवा," कमळाआत्या म्हणाल्या.

आम्ही जेवलो. अख्खा ओटा. त्या जेवणाचं नाव काय ठेवावं ते मला आजही कळलेलं नाही. पण एका न दिसणाऱ्या ठिपक्यासाठी मी रडले आणि त्या गावात मला कोणी वेडी म्हटलं नाही. समोर वाटी सरकवत राहिले. पुढे संस्थांमधून, परदेशातल्या सभांमधून फार हुशार माणसं भेटली. काम बिघडलं तर ती 'पुढच्या वेळी होईल' म्हणतात. कालवण कोणी आणत नाही.

प्रबंध त्या धुळीवर झाला आणि चांगला झाला. तोंडी परीक्षेला आई, बाबा आणि इस्त्रीच्या सदऱ्यात धर्माकाका पहिल्या रांगेत बसले. बाहेरून आलेले परीक्षक गंभीर होते. शेवटी त्यांनी रीत म्हणून विचारलं, "श्रोत्यांपैकी कोणाला काही विचारायचंय?" धर्माकाका उभे राहिले.

"ते तुकडे," काका म्हणाले, "परत येतान का?"

मी म्हटलं, "येतील काका. वाट तीच आहे. बारीक होत होत, पण येत राहतील."

"मंग बरा," काका म्हणाले आणि बसले. परीक्षकांनी चष्मा काढून पुसला आणि आईबाबांना सांगितलं, मुलगी हुशार आहे. आई त्यांना म्हणाली, "पोर हुशार हाय म्हनता ना? पेटी धुवून नाय ठेवली तिने अजून."

परवा दुपारी इथे कामोठ्यात तसाच वारा फिरला. घरात लॅपटॉप, पंखा आणि मी. आता दुर्बीण नवी आहे, आधीच्यापेक्षा कितीतरी मोठी, सूर्याकडे पाठ करून सावलीत बसलेली, आणि तिला थंडीची ददात नाही. आईचा फोन आला. ती आता बाजारात कमी बसते, फोनवर जास्त. पाहुण्यांची चौकशी करावी तसं तिने विचारलं, "ह्या वर्साला कोन येतो?"

"आई, या वर्षी वेगळाच आलाय. आपल्या सूर्याचा नाही. दुसऱ्याच कुठल्या तरी ताऱ्याकडून निघाला, किती काळ चालतोय कोणाला ठाऊक. इथून एकदा जाईल, आणि संपलं."

पलीकडे तिने हातातलं काम बाजूला ठेवल्याचा आवाज आला.

"बाहेरगावचा हाय?" आईने विचारलं.

"हो."

"एकलाच आयलाय?"

"एकटाच."

"मंग फोन ठेव," आई म्हणाली, "आन त्याच्याकरं नीट बग. तो काय पुना येनार नाय."